वारेच्या कॅप्सूल आणि बाळंतिणीचे आरोग्य

(आरोग्य सेविका, परिचारिका व आशा कार्यकर्त्या यांच्यासाठी अभ्यासलेख)

सुरत आणि खानदेश यांना जोडणाऱ्या तापी मार्गावरील गाड्यांतून वर्षभर जी ये-जा चालते, तीत बाळंतपणासाठी माहेरी निघालेल्या मुली नेहमीच असतात. सुरत शहराच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत नंदुरबार, धुळे व जळगाव जिल्ह्यांतून कापडधंद्याच्या निमित्ताने गेलेली मराठी कुटुंबे आता पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. भाषेत गुजराती शब्द मिसळले, जेवणात उंधियो आला. परंतु पहिले बाळंतपण माहेरी ही रीत त्यांनी सोडलेली नाही. परिणामी गरोदरपणाची नोंद एका राज्यात, प्रसूती दुसऱ्या राज्यात आणि बाळाची पुढील लस पुन्हा पहिल्या राज्यात, असा प्रकार सीमेवरील आपल्या आरोग्य केंद्रांना नित्याचाच आहे.

अशाच एका मुलीसंबंधी एका प्रशिक्षण वर्गात आरोग्य सेविकेने प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. मुलगी सासरची सुरतेची. आठव्या महिन्यात माहेरी आलेली. हिमोग्लोबिन ८.६ ग्रॅम. तिच्या परदेशी राहणाऱ्या नणंदेने दूरध्वनीवरून कळविले होते की, प्रसूतीनंतर पडणारी वार दवाखान्यात टाकून देऊ नये. ती वाळवून, दळून, कॅप्सूलमध्ये भरून बाळंतिणीने रोज घ्यावी, म्हणजे गेलेले रक्त भरून येते, दूध वाढते आणि मन उदास होत नाही. "वार बर्फाच्या डब्यात घालून नेऊ द्यावी का? आणि घरच्या घरी अशा कॅप्सूल केल्या तर चालतील का?" असा तो प्रश्न होता. वर्गात थोडी हसाहस झाली. सेविकेचा चेहरा उतरला.

वास्तविक त्यात हसण्यासारखे काही नव्हते. ८.६ हिमोग्लोबिन असलेली मुलगी आपले रक्त वाढावे म्हणून उपाय शोधत होती, आणि सांगणारी व्यक्ती तिच्या विश्वासातली होती. अशा वेळी "असले काही करू नका" एवढे म्हणून भागत नाही. का करू नये आणि त्याऐवजी काय करावे, हे कार्यकर्तीला नीट सांगता आले पाहिजे. त्या प्रश्नाचे वर्गात पुरेसे उत्तर देता आले नाही. तेच येथे सविस्तर देत आहे.

वारेचे कार्य

वार, जिला आयुर्वेदात अपरा म्हणतात, हा गर्भारपणापुरता निर्माण होणारा अवयव होय. पूर्ण दिवसांच्या प्रसूतीत तिचे वजन सुमारे अर्धा किलो, म्हणजे बाळाच्या वजनाच्या साधारण एक षष्ठांश असते. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त एकमेकांत न मिसळता तिच्यातून प्राणवायू, पोषक द्रव्ये व टाकाऊ पदार्थ यांची देवघेव होते. गर्भ टिकून राहावा यासाठी लागणारी प्रोजेस्टेरॉन व इस्ट्रोजेन ही संप्रेरकेही ती तयार करते. वार ही गाळणी आहे, ती बाळाकडे जाणारे विष अडवते, असे पुष्कळदा सांगितले जाते; ते अर्धेच खरे आहे. काही द्रव्ये ती अडवते, काही तिच्यातून पार जातात, तर काही तिच्यातच साठून राहतात. तंबाखूच्या धुरातील कॅडमियम हा धातू वारेत साठतो, हे निश्चितपणे आढळून आलेले आहे.

कॅप्सूल कशा तयार करतात

ही पद्धत अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकांत, घरी प्रसूती करून घेणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांतून प्रथम रूढ झाली व पुढे तिचा व्यवसाय झाला. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात वार पाण्याने धुऊन, रक्त काढून टाकून, तशीच कच्ची कापतात. दुसऱ्या प्रकारात ती आधी वाफवतात, कधी त्या वाफेच्या पाण्यात आले, लिंबू इत्यादी घालतात, आणि मग कापतात. यापुढची कृती दोन्हींत सारखीच. पातळ काप विजेच्या वाळवणी यंत्रात कित्येक तास ठेवतात, कडकडीत वाळले की दळून पूड करतात आणि ती जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरतात. एका वारेपासून साधारणतः शंभर ते दोनशे कॅप्सूल होतात. हे काम बहुधा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात होते. औषधनिर्मितीला लागू असलेली तपासणी, प्रमाणीकरण वा नोंद यांपैकी काहीही तेथे नसते.

या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांकडून दोन आधार नेहमी दिले जातात. एक म्हणजे प्राणी आपली वार खातात. हे खरे आहे. कुत्री, मांजर, उंदीर, शेळी, गाय यांत ते दिसते. मात्र आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे: गाय किंवा म्हैस व्याली की तिने जार खाऊ नये म्हणून तो रात्र जागून काढतो, आणि जार पडताच उचलून पुरून टाकतो. दुसरा आधार चिनी वैद्यकाचा. तेथे वाळवलेली वार औषधात वापरली जात असे ही गोष्ट खरी. ली शिझेन याच्या १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचा उल्लेख आहे. परंतु ते औषध अशक्त रोग्यांसाठी होते, बाळंतिणीने स्वतःचीच वार खावी असा तो नियम नव्हे; आणि चीनच्या अधिकृत औषधसंहितेतून २०१५ च्या आवृत्तीपासून ते वगळण्यात आले आहे. नेवाडा विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये १७९ मानवी समाजांच्या नोंदी तपासल्या. आईने आपली वार खाण्याची रूढ चाल त्यांना त्यांपैकी एकाही समाजात आढळली नाही. आपल्या चरकसंहितेतील शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात अपरा वेळेवर न पडल्यास काय करावे याचा विचार केलेला आहे, सूतिकेच्या आहाराचाही आहे. त्या आहारात अपरेला स्थान नाही. आपल्या घरांतून वार आदराने पुरली जात असे, अंगणात किंवा न्हाणीजवळ. "नाळ पुरली ते गाव" हा शब्दप्रयोग त्यातूनच आला.

रक्त वाढते काय?

नेवाडा विद्यापीठाच्याच संशोधकांनी पुढे या कॅप्सूलची रीतसर चाचणी घेतली. हे संशोधक या विषयाकडे पूर्वग्रहाने पाहणारे नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३ बाळंतिणी होत्या. काहींना स्वतःच्या वारेच्या, तर काहींना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पण गोमांसाची पूड भरलेल्या कॅप्सूल देण्यात आल्या. कोणाला काय मिळाले हे कोणासच सांगितले नव्हते. तीन आठवड्यांनंतर दोन्ही गटांतील स्त्रियांच्या शरीरातील लोहात लक्षणीय फरक आढळला नाही.

याचे कारण साध्या हिशेबाने समजते. या कॅप्सूलमधील पुडीच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ०.६६ मिलिग्रॅम लोह आढळले. दिवसाची कमाल मात्रा सुमारे ३.३ ग्रॅम धरली, तर पोटात जाणारे लोह साधारण २.२ मिलिग्रॅम होते. आपल्या उपकेंद्रातून विनामूल्य मिळणाऱ्या लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे एका गोळीतील लोह मिळविण्यासाठी जवळजवळ चार आठवडे कॅप्सूल घ्याव्या लागतील. मांसातील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते ही गोष्ट जमेस धरली तरी हे अंतर भरून निघत नाही. शिवाय वार संपली की कॅप्सूलही संपतात. रक्तक्षयाचा उपचार मात्र महिनोन्‌महिने चालवावा लागतो.

हा मुद्दा आपल्या भागात किती गंभीर आहे हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून दिसते. तिच्यात देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ४५.७ टक्के, तर गुजरातमध्ये ६२.६ टक्के होते. सुरतेच्या सुनेचे व नंदुरबारच्या लेकीचे हिमोग्लोबिन कमी असणे यात म्हणून नवल नाही.

दूध आणि मन

दुधाबाबतचा दावा तर शरीरशास्त्राच्या उलट जातो. गरोदरपणात स्तन तयार झालेले असूनही दूध उतरत नाही, कारण वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन ते थोपवून धरते. वार पडली की हे संप्रेरक झपाट्याने कमी होते आणि दोन ते चार दिवसांत दूध भरून येते. वारेचा तुकडा गर्भाशयात राहून गेल्यास दूध उशिरा येते, हे अनुभवी परिचारिकांना ठाऊक असते. जी वस्तू शरीराबाहेर पडल्यामुळे दूध येते, तीच पुन्हा पोटात घेऊन दूध वाढेल असे मानण्यास आधार सापडत नाही. जर्मनीतील प्रयोगांत वाफवून वाळवलेल्या वारेतील संप्रेरके पुष्कळच घटलेली आढळली, तेव्हा अपायही कदाचित फारसा होत नसेल. पण मग लाभाचा दावाही त्याबरोबरच जातो.

बाळंतिणीच्या मनःस्थितीवर होणारा परिणाम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २७ स्त्रियांच्या चाचणीत पाहण्यात आला. संप्रेरकांच्या पातळीत किंचित बदल दिसले, परंतु उदासी, थकवा वा बाळाविषयीची ओढ यांत दोन गटांमध्ये ठोस फरक दिसला नाही. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात बऱ्याच स्त्रियांना अकारण रडू येते व ते दोन आठवड्यांच्या आत आपोआप थांबते. त्या काळात कॅप्सूल घेणाऱ्या स्त्रीला बरे वाटले, तर तिने श्रेय कॅप्सूलला द्यावे हे स्वाभाविक आहे. खरे भय निराळेच आहे: दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, बाळ नकोसे वाटते, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते, अशी स्त्री कॅप्सूलवर विसंबून घरी बसली, तर उपचारांचे मोलाचे दिवस वाया जातात. हा आजार समुपदेशनाने व औषधाने बरा होतो. टेलि-मानस ही शासनाची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. दोन्ही राज्यांत तोच क्रमांक चालतो.

ओरेगन येथील घटना

वारेच्या कॅप्सूलच्या सुरक्षिततेची चर्चा ज्या प्रकरणामुळे जगभर झाली ते २०१६ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यात घडले आणि जून २०१७ मध्ये त्या देशाच्या रोग नियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केले. पूर्ण दिवसांच्या एका बाळाला जन्मल्यानंतर लगेच श्वासाचा त्रास सुरू झाला. रक्तात गट-ब स्ट्रेप्टोकोकस हा जंतू सापडला. अकरा दिवस प्रतिजैविक देऊन बाळ बरे झाले व घरी गेले. पाच दिवसांनी ते पुन्हा किरकिरे झाले आणि रक्तात पुन्हा तोच जंतू आढळला. आईच्या दुधाची तपासणी केली, त्यात जंतू नव्हता. तेव्हा डॉक्टरांना कळले की, आईने वार मागून घेतली होती आणि प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवसापासून ती त्याच वारेच्या कॅप्सूल घेत होती, दोन-दोन, दिवसातून तीनदा. कॅप्सूल प्रयोगशाळेत तपासल्या. त्यांत गट-ब स्ट्रेप्टोकोकस निघाला, आणि तो बाळाच्या रक्तातील जंतूशी तंतोतंत जुळला. विशेष म्हणजे सदतिसाव्या आठवड्यात केलेल्या चाचणीत आईच्या अंगी हा जंतू आढळलेला नव्हता. घरातील अन्य व्यक्तीकडून संसर्ग झाला नसेलच असे खात्रीने म्हणता आले नाही, तरी अशा कॅप्सूल घेणे टाळावे असा स्पष्ट निष्कर्ष त्या अहवालात काढण्यात आला. बाळ दुसऱ्यांदा चौदा दिवसांच्या उपचारानंतर बरे झाले.

यातील तांत्रिक धडा आपल्या कामाचा आहे. वाळवणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे. वाळवणी यंत्राचे तापमान सर्वसाधारणपणे ४६ ते ७१ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान ठेवतात. साल्मोनेला जंतूंची संख्या समाधानकारक प्रमाणात घटवायची, तर ५४ अंशांवर १२१ मिनिटे उष्णता द्यावी लागते, असा दाखला त्याच अहवालात आहे. आणि ती उष्णता कापाच्या गाभ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. घरच्या यंत्रात हे कोण मोजणार? आधी वाफवल्यास जंतू बरेच कमी होतात, हे जर्मनीतील तपासणीत दिसले आहे. परंतु कमी होणे आणि नाहीसे होणे यांत फरक आहे. आईला ताप आला असेल, पाणी फार वेळ आधी फुटले असेल, स्रावाला दुर्गंधी असेल, तर वारेतच जंतुसंसर्ग असण्याचा संभव असतो. एच.आय.व्ही. व कावीळ ब यांचा धोका वार हाताळणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला, आणि एकाच यंत्रात अनेकींच्या वारा वाळवल्यास इतर बाळंतिणींना पोहोचतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत घरी किंवा प्रसूतिगृहात बाळंत होऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांच्या २३,२४२ प्रसूतींच्या नोंदी २०१८ मध्ये अभ्यासण्यात आल्या. त्यांतील जवळजवळ एकतृतीयांश स्त्रियांनी वार सेवन केली होती, आणि त्यांच्या बाळांना पहिल्या सहा आठवड्यांत अधिक आजार झाल्याचे दिसले नाही. त्याचप्रमाणे वारेच्या पुडीच्या २८ नमुन्यांत शिसे, कॅडमियम, पारा यांचे प्रमाण घातक मर्यादेच्या खाली भरले. अर्थात या बहुतांशी निरोगी, चांगल्या पोषणाच्या, स्वच्छ पाणी व शीतकपाट असलेल्या घरांतील स्त्रिया होत्या. मे महिन्याच्या उन्हात, सहा तासांच्या रेल्वे प्रवासात, अर्धा किलो रक्ताळलेला अवयव डब्यात घालून नेणे ही परिस्थिती निराळी आहे. तेव्हा धोका प्रत्येकीस होतोच असे नव्हे. लाभ सिद्ध नाही आणि धोका टाळता येण्यासारखा आहे, एवढेच म्हणणे शास्त्राला धरून होईल. कॅनडाच्या आरोग्य खात्यानेही २०१८ मध्ये अशीच सूचना प्रसिद्ध केली.

वारेचा खरा उपयोग

वार निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी चालते. तेथे वारेबरोबर येणाऱ्या गर्भपटलापासून भाजलेल्या व न भरणाऱ्या जखमांसाठी आवरणे तयार करतात. परंतु त्याची रीत पाहावी: दात्या मातेची संमती, रक्ताची एच.आय.व्ही., कावीळ व उपदंश यांसाठी तपासणी, शून्याखालील तापमानात शुष्कीकरण, आणि शेवटी २५ किलोग्रे गॅमा किरणोत्सर्गाने निर्जंतुकीकरण. एवढे करूनही ते आवरण जखमेवर लावण्यासाठी असते, खाण्यासाठी नव्हे. वारेच्या अर्कापासून केलेल्या औषधांवर केंद्र शासनाने २०११ मध्ये निर्बंध घातले, आणि जखमेवर बाहेरून लावणे व ओटीपोटातील दाहासाठी इंजेक्शन या दोनच उपयोगांची मुभा ठेवली.

आणि वारेतील लोह बाळंतिणीच्या घरी खरोखर उपयोगी पाडण्याचा एक मार्ग आहेच. त्याला कॅप्सूल लागत नाही, एक-दोन मिनिटांचा धीर लागतो. बाळ जन्मल्याबरोबर नाळ न कापता एक ते तीन मिनिटे थांबल्यास वारेतील सुमारे ८० ते १०० मिलिलीटर रक्त बाळाकडे जाते, आणि त्यातील लोह त्याला पुढील कित्येक महिने पुरते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस हीच आहे. रक्तक्षय असलेल्या मातेच्या बाळाला तर याचा विशेष लाभ. मात्र बाळ रडत नसेल व कृत्रिम श्वासाची गरज असेल, तर थांबू नये. पूर्वी सुईणी बाळ रडले नाही की नाळ तशीच ठेवून वार निखाऱ्यावर शेकत. त्यात पहिले अमूल्य मिनिट जाते. तो वेळ बाळाला कोरडे करून पिशवी व मुखवट्याने श्वास देण्याचा आहे.

बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत मातेला ऑक्सिटोसिनचे १० एकक इंजेक्शन द्यावे. वार पडल्यानंतर ती सपाट तबकात पसरून दोन्ही बाजूंनी पाहावी. आईकडील बाजूचे सर्व खंड एकमेकांशी जुळतात का, पटल पूर्ण आहे का, कडेला तुटलेली रक्तवाहिनी दिसते का? शंका आल्यास त्याच क्षणी वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे. राहून गेलेला एक खंड रात्रीतून बाळंतिणीचा जीव घेऊ शकतो. घाईघाईने वार डब्यात भरून नातेवाइकांच्या हाती दिली, तर ही तपासणीच राहून जाते. लेखकाच्या मते हा धोका सर्वांत मोठा आहे.

तपासून झालेली वार २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जाते व ४८ तासांच्या आत विल्हेवाटीसाठी दिली जाते. सामाईक केंद्राची सोय नसलेल्या दुर्गम ठिकाणी खोल पुरण्यास परवानगी आहे: खड्डा दोन मीटर खोल, निम्मा भरला की चुना, वर माती, आणि प्रत्येक वेळी दहा सेंटिमीटर मातीचा थर. कुत्री-डुकरे तेथे पोहोचता कामा नयेत. साठलेल्या घाणीची किंमत काय असते हे सुरतेने सप्टेंबर १९९४ मधील प्लेगच्या साथीत भोगले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत ते शहर स्वच्छतेसाठी नावाजले गेले, ही आठवण सुरतेच्या पाहुण्यांना द्यायला हरकत नाही. घरच्यांना वार पुरण्याची भावना असेल तर ती समजून घ्यावी, परंतु सेविकेने स्वतःच्या अधिकारात वार कोणाच्या हाती देऊ नये. प्रश्न वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे ठेवावा.

त्या मुलीचे काय करावे?

७ ते ९.९ ग्रॅम हिमोग्लोबिन म्हणजे मध्यम रक्तक्षय. अशा गर्भवतीस लोहाच्या रोज दोन गोळ्या द्याव्यात, आणि प्रसूतीला थोडेच दिवस राहिले असतील तर शिरेतून लोह देण्याविषयी वैद्यकीय अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा. नंदुरबार व दक्षिण गुजरात या पट्ट्यात सिकलसेलची तपासणी करण्यास विसरू नये. तो दोष असेल तर उपचाराची दिशा बदलते. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. प्रसूतीनंतर लोहाची गोळी १८० दिवस चालू ठेवावी. अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, आणि सासरहून आलेले सुंठ-काटलू, हे सारे घालावे. मात्र पाणी कमी प्यावे, डाळ-भाजी वर्ज्य करावी, असली पथ्ये मोडून काढावीत.

नणंदेविषयी उणा शब्द न काढता सेविकेने त्या मुलीला एवढेच सांगितले: कॅप्सूलमध्ये दिवसाला दोन मिलिग्रॅम लोह, गोळीत साठ. मुलीने मनाशी हिशेब केला आणि डब्याचा विषय संपला. सिकलसेलची तपासणी निर्दोष निघाली. प्रसूती सुखरूप झाली, नाळ दोन मिनिटांनी कापण्यात आली, वार पूर्ण असल्याची नोंद कागदावर झाली. आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेटी दिल्या. शेवटच्या भेटीत हिमोग्लोबिन १०.४ भरले. सव्वा महिना उलटल्यावर मुलगी सुरतेस परत गेली तेव्हा तिच्या पिशवीत उरलेल्या गोळ्यांची पाकिटे, माता व बाल संरक्षण कार्ड आणि पुढील लसीची तारीख लिहिलेली चिठ्ठी होती. ती चिठ्ठी सेविकेने सुरतेच्या नागरी आरोग्य केंद्रातील परिचारिकेला वाचता यावी म्हणून गुजराती लिपीतही लिहवून घेतली होती.